मागच्या सीटवरची शाळा

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या मनात आले की, मुलाला आता मोटारीचा परवाना मिळवून द्यावा. वामनशेठ त्यांचे नाव. ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे दुकान होते. पितळी घागरीपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत तिथे सारे मिळे, आणि प्रत्येक वस्तूबरोबर शेठचा सल्ला फुकट मिळे. मुलगा हृषीकेश पुढल्या महिन्यात अठरा पूर्ण करणार होता. त्यानंतर त्याने महामार्गावरच्या कॉलेजात स्वतः गाडी चालवत जावे आणि जाताजाता धाकट्या बहिणीला, मुक्ताला, तिच्या शाळेत सोडावे, असा शेठचा बेत होता.

बेत उत्तम होता. अडचण होती ती घरात. शेठच्या पत्नीने, वैजयंतीबाईंनी, गाडीची चावी आपल्या कपाटात ठेवली आणि सांगून टाकले, "मास्तर हो म्हणाल्याशिवाय ही चावी हृषीच्या हातात जायची नाही. माझी दोन्ही लेकरं एका गाडीत बसणार आहेत." बाजारपेठेत शेठच्या शब्दाला वजन होते. घरात ते वजन कोणाच्या शब्दाला होते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

हे मास्तर म्हणजे गावातले वृद्ध मोटार-शिक्षक. निम्मे गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकले होते. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता, शिक्षकासाठी. मास्तर मितभाषी. त्यांचा पायच काय ते बोलतो, असे लोक म्हणत.

शेठ मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेले. "मास्तर, पोराला गाडी येती. तुम्ही फक्त लायसन्सचं तेवढं बघा."

"लर्निंग लायसन्स काढलं आहे?"

"ते कसं निघणार? अजून अठरा व्हायचाय. पुढल्या महिन्यात होतोय."

"मग याला गाडी येते कशी?"

शेठ कौतुकाने हसले. "नदीकाठच्या रस्त्याला शिकवलाय मी. सकाळचं कोण असतंय तिकडं? गाडी अशी पळवतोय, बघत राहाल."

मुलाने केलेला गुन्हा सांगताना छाती फुगणाऱ्या बापांना आपल्याकडे तोटा नाही. मास्तरांना अशांची सवय होती. कायदा आधी पालकाला धरतो, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले आणि विचारले, "तुमच्या गाडीचा विमा आहे ना?"

"संपलाय वाटतं. काढू की. गाडी देवाच्या दारात नेऊन पूजा केलीय, मास्तर. चारी चाकांखाली लिंबं ठेवलीत. आपल्या गाडीला काही होत नाही."

"तुमच्या गाडीचं देव बघेल. समोरच्या माणसाचं कोण बघणार?"

गिऱ्हाइकाला कधी निरुत्तर जाऊ न देणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा लागला.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "अठरा पूर्ण होईपर्यंत मी याच्या हाती चाक देणार नाही. पण मधला काळ फुकट घालवायलाही नको. उद्यापासून रोज सकाळी या. शेठ, गाडी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन. हृषीकेश मागे बसेल."

"मी?" शेठ थक्क झाले. "मला काय शिकवणार तुम्ही? गाड्या झिजवल्यात मी या हातांनी."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

परत येताना शेठच्या मनात संताप आणि हसू यांची खिचडी झाली होती. म्हातारपणी माणसाची बुद्धी फिरते म्हणतात, ते खोटे नाही. परवाना हवा मुलाला आणि शिकवणी लावतोय बापाला! पण चावी कपाटात होती, आणि घरी कपाटाच्या मालकिणीने निवाडा ऐकून फक्त "बरोबर आहे" एवढेच म्हटले. शेठना जाणे भाग पडले.

पहिल्या सकाळी शेठ मास्तरांच्या गाडीत ऐटीत चाकामागे बसले. त्यांनी पट्टा ओढला, पाठीमागून नेला, खटकन अडकवला आणि त्याच्यावर रेलून बसले. गाडीने बोंब मारू नये म्हणून केलेली ही युक्ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मास्तरांनी हात लांबवून पट्टा सोडवला. गाडी पिंपिं करू लागली. पेठ ओलांडून बाजार समितीपर्यंत ते पिंपिं सोबत आले, आणि शेवटी कान किटून शेठनी पट्टा छातीवर घेतला.

दुसऱ्या एका गोष्टीने मात्र शेठ अधिकच अस्वस्थ झाले. शिक्षकासाठी त्या गाडीत एक जादा आरसा होता. तो मास्तरांनी मागच्या सीटकडे वळवून ठेवला होता. शेठ चौकात हॉर्न देत घुसले, फोन वाजला तेव्हा एका हाताने खिसा चाचपू लागले, समोर पोलीस नाही असे पाहून एकेरी रस्त्यातून उलटे निघाले. मास्तर शेठकडे पाहतच नव्हते. जिथे धोका वाटे तिथे त्यांचा पाय ब्रेकवर येई, पण नजर त्या आरशात असे.

"मास्तर, चालवतोय मी. माझ्याकडं बघा की," शेठ एकदा वैतागून म्हणाले.

"तुमच्याकडे बघणारा मागे बसला आहे. मी त्याच्याकडे बघतो."

शेठना हे कोडे उलगडले नाही. त्यांनी तो नाद सोडून दिला. सकाळची हवा चांगली असते, असे म्हणून ते रोज गाडी चालवत राहिले.

गळीत हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आले. एका सकाळी दोन ट्रॉल्या जोडलेला असाच एक ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने पुढे चालला होता. उसाच्या भाऱ्यापलीकडे काही दिसत नव्हते, आणि पुढे वळण होते. शेठना दुकान उघडायचे होते. त्यांनी गिअर बदलला आणि गाडी उजवीकडे काढली.

वळणावरून एक दूधवाला आला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या, आणि मागे बायको बसलेली.

मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला. गाडी कचकन दबली, शेठनी चाक डावीकडे ओढले आणि ती पुन्हा ट्रॉलीच्या मागे येऊन धडधडत उभी राहिली. दूधवाला रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरला, सावरला आणि पुन्हा डांबरावर आला. तो ओरडला नाही. जाताना त्याने काचेतून शेठकडे फक्त पाहिले. त्याच्या बायकोचे डोळे अजून मिटलेलेच होते.

आपल्याहून जास्त आपले पोर घाबरले असेल, या धास्तीने शेठनी मागे वळून पाहिले.

हृषीकेश घाबरलेला नव्हता. तो पुढच्या सीटला धरून, चमकत्या डोळ्यांनी रस्ता बघत होता. "निघाली असती, पप्पा," तो म्हणाला. "मास्तरांनी उगाच ब्रेक मारला. तुम्ही काढली असती बरोबर."

त्या कौतुकाने शेठच्या काळजाचे पाणी झाले. मुलाने भीती दाखवली असती तर त्यांनी धीर दिला असता. मुलगा त्यांना शाबासकी देत होता.

मास्तरांच्या सांगण्यावरून त्यांनी गाडी एका बंद रसवंतीपुढे बाजूला घेतली. मास्तरांनी हृषीकेशला उतरून पाय मोकळे करायला सांगितले आणि तो दूर गेल्यावर ते बोलू लागले.

"शेठ, चाकामागे बसल्यावर माणूस सारथ्य शिकतो, असा आपला समज आहे. तो शिकतो मागच्या सीटवर. पाळण्यातून उतरल्यापासून तुमचा मुलगा त्या शाळेत आहे, आणि तिथले गुरुजी तुम्ही आहात. माझ्याकडे तो थोडे दिवस येईल. क्लच, गिअर, वळण, हे मी देईन. पण कोणत्या क्षणी भ्यायचं आणि कुणासाठी थांबायचं, हे त्याने तुमच्याकडून केव्हाच घेऊन ठेवलं आहे. म्हणून इतके दिवस मी आरशात त्याला बघत होतो. तुम्ही चूक केलीत की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, एवढंच मला पाहायचं होतं. काहीच उमटत नव्हतं. आज हसू उमटलं."

शेठनी मान खाली घातली. मास्तरांचा स्वर मृदू झाला.

"रस्त्यात भांडण झालं की आपण काय विचारतो? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? प्रश्न उद्धट आहे, पण खरा आहे. रस्ता कुणाच्याच बापाचा नाही, तो सर्वांचा आहे. म्हणून त्यावर उतरण्यापूर्वी सर्वांची अनुज्ञा घ्यायची. परवाना म्हणजे ती अनुज्ञा. आणि विमा? तो त्या दूधवाल्यासाठी असतो. आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, पण त्याच्या घरीही चूल पेटते. आपल्या हातून त्याचं काही झालं, तर ती चूल विझू नये म्हणून आपण आधीच दिलेला तो शब्द आहे. लिंबू ठेवा, नारळ फोडा, माझी ना नाही. पण हा शब्दही द्या."

शेठनी दूर उभ्या मुलाकडे पाहिले. मग शेठ म्हणाले, "मास्तर, आता उशीर झाला का?"

"अठरा व्हायला अजून दिवस आहेत," मास्तर म्हणाले. "तुम्ही शिका. तो बघतो आहेच."

त्याच दिवशी दुकान उघडण्यापूर्वी शेठनी विमा उतरवला. पण अंगवळणी पडलेले सोडणे म्हणजे जुने गिऱ्हाईक तोडण्याइतके अवघड. चौकात हात आपसूक हॉर्नवर जाई. शेठ तो मागे घेत आणि मोठ्याने म्हणत, "हृषी, चुकत होतो बघ." मुलाला आधी हसू येई. मग हळूहळू त्याचे हसू थांबले आणि तो प्रश्न विचारू लागला. "पप्पा, आता का थांबलात? समोर तर कोणी नाही." शेठ उत्तर देत, "दिसत नाही म्हणून थांबलो." आरशात हृषीकेशचा चेहरा पाहून मास्तरांनी एके दिवशी तो आरसा सरळ केला, आणि त्या दिवसापासून ते रस्त्याकडे पाहू लागले.

हृषीकेश अठरा वर्षांचा झाला. शिकाऊ परवाना निघाला, गाडीला लाल 'एल' अक्षराची पाटी लागली आणि मास्तरांनी त्याच्या हाती चाक दिले. हात त्याचा चांगलाच होता. तरी परीक्षेत तो नापास झाला. गाडी मागे घेताना चाक रेषेवर गेले. मुलगा ओशाळून बाहेर आला. आरटीओच्या फाटकापाशी घुटमळणारा एक मध्यस्थ लगेच शेठच्या कानाशी लागला.

"शेठ, कशाला पोराला उन्हात उभा करताय? आपण करून देतो की. घरपोच."

एरवी शेठनी त्याला चहा पाजला असता. त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा त्यांच्याचकडे पाहत होता.

"परवाना मिळंल हो," शेठ म्हणाले. "गाडी यायची राहील." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले.

पुन्हा सराव झाला, पुन्हा परीक्षा झाली, आणि या वेळी हृषीकेश उत्तीर्ण झाला. मास्तर हो म्हणाले. घरी आल्यावर वैजयंतीबाईंनी कपाट उघडले, पण चावी लगेच दिली नाही. त्यांनी नवऱ्याला विचारले, "मास्तरांचं कळलं. तुम्ही काय म्हणता?"

शेठना आयुष्यात प्रथमच सल्ला द्यायला वेळ लागला. "दे," ते म्हणाले. "आता दे."

गाडीने कॉलेजला जायच्या पहिल्या दिवशी सोबत म्हणून शेठ डाव्या सीटवर बसले. मागे मुक्ता दप्तर मांडीवर घेऊन बसली. हृषीकेशने आधी तिचा पट्टा पाहिला, मग वडिलांचा, मग स्वतःचा लावला आणि गाडी काढली. पेठ मागे पडली. पुढे शाळेची एक रिक्षा कडेला उभी राहिली आणि तीतून मुले उतरू लागली. एकाची पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत रस्त्याच्या मधोमध आली. मूल तिच्यामागे धावले.

शेठचा उजवा पाय जिवाच्या आकांताने खाली दाबला गेला. पायाखाली नुसती चटई होती. त्यांनी ती अशी दाबली की पोटरीत गोळा आला.

गाडी तोवर उभी राहिलेली होती. रिक्षा दिसताच हृषीकेशने वेग कमी केला होता, मूल धावायच्या कितीतरी आधी. पोराने बाटली उचलली, गाडीकडे बघून दात दाखवले आणि ते पळाले. मागच्या एका गाडीने हॉर्न दिला. हृषीकेश हलला नाही. शेवटचे मूल फुटपाथवर चढेपर्यंत तो थांबून राहिला.

मग वडिलांच्या पायाकडे त्याचे लक्ष गेले.

"पप्पा, पाय काढा," तो हळूच म्हणाला. "ब्रेक माझ्याकडं आहे."

शेठनी पाय काढला.