धोंड्याचा महिना आणि आयडलिंगचा व्हॉल्व्ह

एका गावात एक भोळा जावई आला होता. होता तो दुसऱ्याच गावचा, पण तिथल्या लोकांनी त्याला हसतमुखाने गाडीत बसवून दिलं होतं. नाव सोपानराव. अधिक महिना चालू होता, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला देव करून जातो. या महिन्यात जावयाला बोलवायचं, धोंड्याचं जेवण घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. जावई म्हणजे साक्षात नारायण. आता नारायणाला काही कुणी गाढव म्हणू शकत नाही.

सासरे तात्याबा मिस्त्री. त्यांचं गाड्यांचं गॅरेज होतं, घराला लागूनच. एकटे काम करत, पण हात असा की नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगावं. त्या दिवशी सकाळीच डॉक्टर नलिनीबाई खटावकर आपली गाडी घेऊन आल्या. गावात टर्बोवाली गाडी एवढी एकच. चालताना वाऱ्यासारखी जायची, उभी राहिली की बंद पडायची.

"मिस्त्री, रोग्याला तपासायला जाते आणि निघताना त्याच रोग्याला गाडी ढकलायला लावते," बाई म्हणाल्या. "लोक आता बोलवायचे बंद झालेत. चार वाजेपर्यंत गाडी नीट झाली पाहिजे. नाहीतर हायवेवर ते नवीन काचेचं सर्व्हिस सेंटर उघडलंय ना, तिकडे जाईन."

तात्याबांनी मनात हिशोब केला. डॉक्टरीणबाई तिकडे गेल्या की मास्तर जाणार, सरपंच जाणार, सगळं गाव जाणार.

त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि रोग ओळखला. आयडलिंगचा व्हॉल्व्ह गेला होता. गाडी नुसती उभी असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा इंजिनाला जगण्यापुरती हवा देणारा हा बोटभर तुकडा. तो काजळीने अडकला की इंजिन गुदमरतं. तुकडा बदलायचा, संपलं. तासाभराचं काम.

तेवढ्यात जावईबापू गॅरेजात आले. सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून गोड बोलून बाहेर काढलं होतं.

"मामा, मी मदत करतो."

"या की," तात्याबा वैतागून म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसा. आजपासून मालक तुम्हीच!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

आणि बसले. स्कूटर घेऊन एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाले, "मालक मी हाय. मला यातलं काय कळत न्हाई. दुसरीकडं बघा." गिऱ्हाईक गेलं.

तात्याबांनी डोळे मिटले, नारायण आठवला आणि डोळे उघडले. नारायण खुर्चीतच बसलेला होता. लक्षात ठेवतो म्हणणारे जावई पुष्कळ असतात. सोपानरावांचा घोटाळा असा, की ते खरोखर लक्षात ठेवायचे.

जावयाला गॅरेजातून घालवावं म्हणून तात्याबांनी जुना व्हॉल्व्ह काढून त्यांच्या हातात दिला. "पाव्हणं, एष्टी स्टँडजवळ स्पेअरचं दुकान हाय. हा दाखवा अन् हुबेहूब असाच घेऊन या. जरा बी फरक नको."

जावईबापू गेले ते दीड तासाने आले. हातात हुबेहूब तसाच व्हॉल्व्ह. तशीच काजळी, तसाच अडकलेला.

"दुकानदार नवाच देत हुता," जावईबापू अभिमानाने म्हणाले. "मी सोडतोय व्हय? म्हटलं, ह्यो चकचकतोय, आमचा काळा हाय. मग त्यानं भंगारात हुडकून दिला. फार हुडकावं लागलं बिचाऱ्याला."

तात्याबांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण धोंड्याचा महिना. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पाव्हणं, जुनं झालेलं टाकून द्यायचं असतंय. त्याच्या जागी नवंकोरं, सीलबंद आणायचं असतंय."

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

तात्याबा स्वतः सायकल काढून स्टँडवर गेले. इकडे सासूबाईंनी जावयाला हाक मारली. "पाव्हणं, तेवढा फळीवरचा अनारशाच्या पिठाचा डबा काढून द्या. माझा हात पुरत न्हाई."

जावईबापूंनी डबा काढला, उघडला, वास घेतला. "मामी, कधीचं हाय हे?"

"आठ दिवस झालं. चांगलं मुरलंय."

आठ दिवस! जुनं झालेलं काय करायचं असतं, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. सासूबाई चुलीकडे वळल्या तेवढ्यात डबा परसातल्या शेळीसमोर रिकामा झाला. शेळीने त्या दिवशी जो काही अधिक महिना साजरा केला, तसा तिच्या कुळात कुणी केला नसेल. आणि जावईबापू कोपऱ्यावरच्या दुकानातून नवंकोरं, सीलबंद असं बिस्किटांचं खोकं घेऊन आले.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. ओरडायची सोय नव्हती. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, पीठ जुनं झालं म्हणून टाकत न्हाईत. उघडं तोंड दिसलं की फडकं कोंबून घट्ट बंद करायचं, म्हंजी धूळ जात न्हाई, वस्तू टिकती."

"बरं मामी. लक्षात ठेवतो."

दुपारी तात्याबांनी नवा व्हॉल्व्ह बसवला. वायर जोडली, क्लिपा आवळल्या. हवेच्या पाइपाचं एक टोक तेवढं राहिलं होतं, ते लावण्याआधी चहाचा घोट घ्यावा म्हणून आत गेले. जावईबापू वाकून बघतात तो काय, पाइपाचं तोंड उघडं! मागे जाऊन बघतात तर सायलेन्सरचंही तोंड उघडं! एवढी मोठी गाडी, आणि दोन्हीकडून धूळ जायला मोकळी. त्यांचा जीव कळवळला.

तात्याबा आले. त्यांनी पाइप न बघता जोडला आणि चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली, बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. नवा व्हॉल्व्हच खराब निघाला की काय? त्यांनी तो काढला, परत बसवला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. असे दोन तास गेले.

"मामा," शेवटी जावईबापू म्हणाले, "धूळ कशी जाईल? मी दोन्हीकडनं फडकं कोंबलंय."

पाइपातून सासूबाईंची चोळी निघाली. सायलेन्सरमधून जावयाला आहेरात द्यायचा कोरा टॉवेल निघाला. टर्बोचा पंखा हवा ओढून इंजिनात दाबतो. चोळी आणखी वीतभर आत असती, तर पंख्याने गिळली असती आणि डॉक्टरीणबाईंना मुदलात गाडीच उरली नसती.

तात्याबांनी टॉवेलाची घडी घातली. मग एकेक शब्द चावून बोलले.

"पाव्हणं. आता ऐका. नवा व्हॉल्व्ह घातला की गाडी धा मिनिटं नुसती चालू ठेवायची. किती हवा घ्यायची, हे ती आपलं आपण शिकती. तवर हात लावायचा न्हाई. कुणाला लावू द्यायचा न्हाई. अन् टर्बोची गाडी कुठनं पळून आली तर थांबल्या थांबल्या बंद करायची न्हाई. दोन मिनिटं चालू ठेवायची, पंख्याला निवू द्यायचं, मग बंद. कळलं?"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

तात्याबांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली. आता वाणाचा मुहूर्त आला म्हणून सासूबाईंनी आतून हाक मारली, तसे ते अंगावरचे तेलकट कपडे बदलायला गेले. गाडी शिकायला लागली. दहा मिनिटांत शिकणारी वस्तू त्या आवारात ती एकच होती.

बरोबर चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या.

"झाली का गाडी?"

"शिकतीय," जावईबापू म्हणाले.

"काय करतेय?"

"शिकतीय. हात लावायचा न्हाई."

"अहो, माझी गाडी आहे!"

"असू दे की. शिकताना आईबापाला बी वर्गात घेत न्हाईत." बाईंनी दाराला हात घातला, तसे जावईबापू आत शिरले आणि चारी दारं आतून लावून घेतली.

बाईंनी काचेवर टकटक केली. जावईबापूंनी आतून तोंडावर बोट ठेवलं.

"तुमच्या मिस्त्रींना सांगा," बाई कडाडल्या, "आता मी चालले त्या सर्व्हिस सेंटरमध्येच सांगायला. ते येऊन गाडी घेऊन जातील!" आणि रिक्षा करून गेल्या.

तात्याबा धोतर नेसून बाहेर आले तेव्हा जावयाने सगळा निरोप शब्दन् शब्द सांगितला. तात्याबा मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षांचं नाव एका रिक्षात बसून गेलं होतं. रडावं तर पुरुष, ओरडावं तर सासरा. माणसाला बोलायची एकच वाट उरली होती.

"वा, पाव्हणं, वा! झकास केलंत. मग आता त्यांना कशाला येण्याचा तरास? तुम्हीच जावा, गाडी नेऊन द्या. अन् माझं गॅरेज बी नेऊन द्या त्यांना! पाटीसकट, पान्यांसकट! मी बसतो घरात बिस्किटं खात!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

तात्याबांनी हे ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण ते डोक्याला फडकं बांधून आत जाऊन आडवे झाले होते.

साडेपाच वाजता ते उठून गॅरेजात आले. गाडी नव्हती. खुर्चीत बसून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भिंत जरा मोकळी वाटत होती. तेवढ्यात जावईबापू घामाघूम, पण हसतमुख असे दारात उभे राहिले.

"मामा, तुमचा हात म्हंजी सोनं हाय! गाडी रस्त्यात एकदा बी बंद पडली न्हाई. रेल्वेच्या फाटकात दहा मिनिटं उभी केली, मांजरावानी गुरगुरत हुती. तिथं पोचल्यावर थांबल्या थांबल्या बंद केली न्हाई. दोन मिनिटं चालू ठेवली. सगळे इंजिनियर बघत हुते."

तात्याबांनी घाईने विचारलं, "अन् बाई?"

"बाई तिथंच हुत्या. लई खूश झाल्या! म्हणाल्या, मी नुसतं सांगायला आले, तेवढ्यात ह्यांनी गाडी आणवली बी अन् नीट केली बी? याला म्हणायचं सर्व्हिस. आता अख्ख्या गावाला इथंच पाठवते."

"अन् तुम्ही सांगितलं न्हाईत, की गाडी मी नीट केली?"

"ते सांगा म्हणून तुम्ही कुठं सांगितलं हुतं, मामा?"

बाहेर एक टेम्पो येऊन थांबला. इंजिन चालूच होतं.

"दोन मिनिटांनी बंद करा!" जावईबापू बाहेर बघून ओरडले, मग सासऱ्यांकडे वळले. "पाटी अन् पान्यांची पेटी मी पयल्या खेपेला डिकीत घालून नेली. बाकीचं गॅरेज मावंना. मग सेंटरवालेच म्हणाले, आमचा टेम्पो न्या."

दोन हमाल आत आले. त्यांनी जॅक उचलला, हवेचा पंप उचलला, टायरं उचलली. नेमक्या त्याच वेळी आतल्या दारातून सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या. ताटात निरांजन, आणि निरांजनाभोवती मोजून मांडलेली तेहेतीस बिस्किटं. त्या जागच्या जागी थिजल्या.

एक हमाल तात्याबांच्या खुर्चीपाशी थांबला. तात्याबा खुर्चीत बसूनच होते.

"पाव्हणं," हमालाने विचारलं, "खुर्ची न्यायची ना? अन् हे बसल्यात ते?"

"खुर्ची न्या," जावईबापू म्हणाले. "त्यांना न्हाई न्यायचं. ते घरात बसणार हायत. आमचं ठरलंय तसं."

आणि त्यांनी सासूबाईंच्या ताटातलं एक बिस्कीट उचलून मामांच्या हातात ठेवलं.