शेंडेनक्षत्राची वेणी

एका डोंगराच्या पायथ्याला एक होता राजा. राणी देवाघरी गेलेली, घरात एकुलती एक लेक, सगुणा. आई गेल्यापासून सगुणा कुणाला केसांना हात लावू देत नसे, बरं का. दासी फणी घेऊन आली की ही पळालीच. दिवेलागणीला पोरीनं केस मोकळे सोडून फिरू नये, पण आईवेगळ्या लेकराला रागावणार कोण?

मग एकदा काय झालं, दिवस मावळला आणि आभाळात शेंडेनक्षत्र उगवलं. चांगलं लखलखीत, आणि शेपटी अर्ध्या आभाळभर. लोकांनी पटापट दारं लावली. म्हणाले, "हे राजाच्या घरातलं माणूस नेतं." घरात माणसं होती किती? राजा आणि सगुणा. माझं काहीही होवो, पण पोरीला नेऊ नये, एवढंच त्याच्या मनात.

पहिल्या संध्याकाळी त्यानं महालाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. फटीतून उजेड आलाच. दुसऱ्या संध्याकाळी ढोलताशे बडवले. नक्षत्र जागचं हललं नाही, सगुणाचे कान मात्र दुखले. मग तिसऱ्या संध्याकाळी तलवार घेऊन राजा एकटाच डोंगर चढला.

वर बघतो तर काय, कातळावर एक मुलगी बसलेली. तिच्या अंगाचा उजेड पडलेला, आणि केस पार आभाळभर पसरलेले. शेपटी कसली, सगळा गुंता तो. राजाची आई त्याच्या बहिणींना म्हणायची, तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. "अगं, दिवेलागणीला केस मोकळे?"

ती म्हणाली, "वेणी कोण घालणार? जिथं जाते तिथं दारं लागतात."

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं तलवार खाली ठेवली. पण वेणी घालायला राजाला येतं कुठं? म्हणाला, "थांब हं. शिकून येतो."

घरी येऊन त्यानं सगुणाला सगळं सांगितलं. तशी ती उठली, आईची फणी आणली, तेलाची वाटी आणली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"माझ्या केसांवर शिका, आबा."

राजानं गुंता ओढला, सगुणा रडली. केस दुखले म्हणून रडली, आणि आईसाठीही रडली. मग राजाही रडला. वेणी झाली ती वाकडीच.

मग दोघं डोंगरावर गेली. सगुणानं त्या मुलीचे केस विंचरले, राजानं पेड घातले. मुलीनं मान वळवून वळवून आपली वेणी पाहिली, हसली आणि निघाली. तिनं माणूस कुणी नेलं नाही. नेली ती राणीची फणी, तीही सगुणानं आपण होऊन दिली. लांबच्या वाटेवर पुन्हा गुंता होणारच ना?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. दिवा लागायच्या आत सगुणा नवी फणी घेऊन आली आणि राजापुढे बसली. म्हणाली, "आबा, कालच्यासारखीच वाकडी घाला."

तेव्हापासून ती दोघं सुखात राहिली. तुझी वेणी मघाशीच घातलीय मी. टेक आता डोकं उशीवर आणि मीट डोळे.