दारावरचं नाव

बालवाडीच्या गाडीचं जुनं दार आतून गंजून सडलं होतं. त्याच्या पत्र्याने शेवंताच्या नंदूची पोटरी कापली, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी नवं दार दिलं. उद्या त्या दाराला हार घालून फोटो काढायचा होता.

रंगारी मकबूलभाई म्हणाले, "आतल्या बाजूने प्रायमर आणि गंज न धरणारा रंग मारतो. वाळायला दोन दिवस द्या."

"आतून कोण बघतंय?" तात्यासाहेब म्हणाले. "बाहेरून रंग द्या, माझं नाव मोठं काढा. संध्याकाळी गाडी पाहिजे."

नंदू रोज त्याच दाराला टेकून बसायचा. शेवंता पुढे झाली. "तात्यासाहेब, दाराच्या आत पाणी साचतं. पुन्हा आतून गंजेल हो."

"एवढी भीती वाटत असेल तर पोराला चालत पाठव."

बालवाडी लांब होती आणि रस्ता ट्रकांचा होता. शेवंताने पदर सावरला.

"मकबूलभाई, गंज आधी कुठे फुटतो?"

"खालच्या कडेला."

"मग माझं नाव वर काढा," तात्यासाहेब घाईने म्हणाले.

"वरच काढा," शेवंता म्हणाली. "खाली भोक दिसलं की लोक वर बघतील, दार दिलं कुणी म्हणून."

तात्यासाहेबांनी दारावरचा हात काढून घेतला. कुणाकडेही न बघता ते मकबूलभाईंना म्हणाले, "आतून रंगाचे दोन हात मारा. फोटो परवा काढू."