तीन किलोमीटरची डिझेल गाडी

कोल्हापूरच्या आप्पासाहेब इंगवल्यांचं घर राजारामपुरीत आणि ऑफिस शाहूपुरीत, मधे जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्या वाटेसाठी त्यांनी भलीमोठी डिझेल गाडी घेतली. ड्रायव्हर दत्तू मगदूम तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, गावातल्या गावात पेट्रोलची नाहीतर बॅटरीची बरी."

"गाडी म्हणजे डिझेल, मगदूम. बाकी सगळी खेळणी."

महिन्याभरात स्टिअरिंगपुढं धुराच्या फिल्टरचा पिवळा दिवा लागला. गाडी लांब पळाल्याशिवाय फिल्टरमधली काजळी जळत नाही, असं गॅरेजवाल्यानं सांगितलं. दत्तूंनी ते साहेबांच्या कानावर तीनदा घातलं. पण साहेबांचं आपलं एकच, "दोष तुमच्या हातात आहे. उद्या ऑफिसात पोचेपर्यंत दिवा गेला नाही, तर किल्ली ठेवा आणि घरी बसा."

दत्तू मनातून पार वैतागले. सकाळी त्यांनी साहेबांना मागं बसवलं आणि गाडी सरळ हायवेला काढली.

"अहो, निघालात कुठं?"

"दिवा घालवायला."

कागल मागं पडलं, निपाणी जवळ आली, तेव्हा कुठं दिवा विझला. साहेब घड्याळ बघत करवादले, "म्हणजे आता रोज एवढं हिंडून ऑफिस गाठायचं?"

दत्तू सावकाश म्हणाले, "तसं कशाला, साहेब? एकतर गाडी बदला, नाहीतर ऑफिस निपाणीला हलवा. माझा हात दोन्हीकडं चालतोय."

गाडी परत फिरली. शाहूपुरीत उतरताना साहेब म्हणाले, "त्या बॅटरीच्या गाडीत मागं पाय नीट पसरता येतात का, तेवढं बघून या."