मुक्या शिष्याचं गुपित

"बाबा, आजच्या आज ही जागा सोडाल का?"

लतीफशा बाबा छपरावर वाळत घातलेले जर्दाळू उलटेपालटे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तीन वर्षांत विचारणाऱ्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं.

या पहाडी दरीवर दोन देश हक्क सांगत. सध्या ती एकाच्या ताब्यात होती आणि दुसऱ्याने त्याला इथे हेर म्हणून धाडलं होतं. लोकांच्या लेखी तो या फकिराचा, बाबांचा, मुका शिष्य. खरा तो वासुदेव गावडे, कोकणातला. इथली बोली तो शिकला, पण कोकणी हेल काही केल्या जाईना. शेवटी वरिष्ठांनी हात टेकले आणि तोंडच बंद ठेवायचा हुकूम दिला. तेव्हापासून तो या छपरावरून खालच्या पुलावरचे लष्करी ट्रक टिपत होता.

आपल्या मौनाचा त्याला भारी गर्व. शेजारच्या लष्करी चौकीतल्या शिपायांनी एकदा खात्री करायला त्याच्या तळहातावर निखारा ठेवला, तर पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. आता हा पराक्रम सांगायचा कुणाला, हा भाग वेगळा. तीन वर्षांत त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. फार एकटं वाटलं की तो बाबांच्या शेळीच्या कानाशी तोंड नेई आणि तसाच मागे फिरे.

"बाबा, मी बोललो. ऐकलंत ना?"

"ऐकलं. तो जर्दाळू किडका आहे, बाजूला टाक."

"मी मुका नाही. मी... त्या बाजूचा आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू आलास त्याच्या तिसऱ्या रात्रीपासून. तू झोपेत बोलतोस, बेटा."

वासुदेवचा हात आपसूक तोंडावर गेला.

"शब्द इकडचे नव्हते. पण आईशी बोलतोयस, एवढं कळलं. त्याला भाषा लागत नाही."

वासुदेवला रडू फुटलं. आपण बोटीवर नोकरीला आहोत, असं त्याने आईला सांगितलं होतं. रोज रात्री तो तिच्याशी बोलत होता आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

"म्हणून माझं अंथरूण तुम्ही तुमच्या खोलीत आणवलंत?"

"हो."

घराची मागची भिंत चौकीला लागून होती. आणि बाबा रात्र रात्र मोठ्या आवाजात अल्लाचं नाव घेत, थेट उजाडेपर्यंत. म्हातारा पोचलेला आहे, असा दरीभर बोलबाला झाला होता. सुरुवातीला वासुदेव मनात चरफडला होता, मग त्याला त्या आवाजातच झोप लागू लागली. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: त्याचं झोपेतलं बोलणं त्या आवाजाखाली झाकलं जात होतं.

"माझ्यासाठी जागलात? मला पकडून का नाही दिलंत?"

बाबांनी एक चांगला जर्दाळू निवडून त्याच्या हातावर ठेवला.

"खा."

त्याला तो खाववेना.

"बाबा, उद्या पहाटे आमच्या बाजूचे लोक पुलावर तोफा डागणार आहेत. जागा मीच कळवली. आता ते थांबवणं माझ्या हातात नाही. नेम चुकला, तर ही जागा..."

"पूल आपल्या पायाशी आहे. नेम लागला, तरी."

"म्हणून सांगतो, माझ्याबरोबर चला!"

"वस्तीतल्या लोकांना मी आत्ताच वरच्या दर्ग्याला धाडतो. नवस फेडायचाय म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"चौकीला माझ्या आवाजाची सवय झालीय. आज तो आला नाही, तर दार ढकलून आत येतील. तुझं अंथरूण रिकामं दिसेल. तू तोवर सरहद्दीवरच्या खिंडीच्या पायथ्याशीही पोचलेला नसशील."

वासुदेव त्यांच्या पायांवर कोसळला. जगात एकच माणूस त्याला ओळखत होता, आणि नेमक्या त्याच्याच घरावर त्याने तोफा ओढवल्या होत्या.

"मग मीही जात नाही."

"मग आईला कोण सांगणार, तुझी बोट किनाऱ्याला लागली ते?"

"बाबा, त्या शिपायांनी मला निखारा लावला होता. त्यांच्याशेजारी का मरता?"

बाबांनी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं.

"भिंत पातळ आहे रे. ती पोरंही झोपेत बोलतात."

खाली पुलावर एक ट्रक थांबला. सवयीने वासुदेवची नजर तिकडे गेली आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

सूर्य कलला. बाबांनी मूठभर जर्दाळू फडक्यात बांधले आणि त्याच्या खांद्याला अडकवले.

"पाय उचल. मध्यरात्रीच्या आत खिंड ओलांडलीस, तर पहाटे मलाही जरा झोप मिळेल."