शेवग्याची परी आणि खिशातले दगड

"नाही म्हणजे नाही!" शेवग्याच्या पांढऱ्याशुभ्र फुलात बसलेल्या बोटभर परीनं इवलासा पाय आपटला, तशी सोनेरी धूळ भुरभुरली. "इच्छा एकच. तीही स्वतःच्या अंगापुरती. आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत!"

"पण मला काही नकोच आहे, परीबाई. माझ्या मैत्रिणीला, सोनकीला बरं कर की!"

"आणि तुझ्या पायांत रोज गोळे येतात, ते?"

तुळजानं आपल्या पोटऱ्या चोळल्या. गोळे येतच होते. आई पहाटेच वीटभट्टीवर जायची. कोऱ्या चहावर तुळजा एवढी लांबची वाट तुडवत शाळेत यायची, ती खिचडीच्या आशेनं. पण आज तिकडे शाळेच्या ओसरीत सोनकी चक्कर येऊन आडवी पडली होती. बाई तिला वारा घालत म्हणत होत्या, "ऊन लागलं गं पोरीला."

ऊन कसलं डोंबलाचं! शाळेत दर महिन्याला वजनं व्हायची. वजन कमी भरलं, की रोज राजगिऱ्याचा लाडू आणि डॉक्टरीणबाईंची तपासणी. पण बाकीच्या पोरी त्या मुलींना 'काडी, काडी' म्हणून चिडवायच्या. म्हणून सोनकी खिशांत दगड भरून काट्यावर उभी राहायची. वजन भरायचं, लाडू हुकायचा. हे एकट्या तुळजाला ठाऊक, आणि तिला सोनकीनं गळ्याची शपथ घातलेली.

"मग माझ्या अंगातलं रक्त दे तिला."

"तेही तिच्याच अंगाला हात लावणं झालं, चिमणे. तिनं मागितल्याशिवाय मला ते करता येत नाही."

"असले कसले गं तुमचे नियम? आजारी एक आणि औषध दुसरीला?"

परीचे चंदेरी पंख थरथरले. तुळजाच्या डोक्यात तर नुसता गुंता. पाय बरे करून मागावेत? मग सोनकीचं काय? शपथ मोडली तर मैत्री जाईल, पाळली तर मैत्रीणच हातची जाईल! तेवढ्यात शिपाईमावशी घंटेकडे निघाल्या. तुळजानं डोळे गच्च मिटले आणि ती बोलली.

परी आधी गोंधळली. मग खुदकन हसली, आणि इतकी हसली की शेवगा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवा, रुपेरी, पिवळाधमक उजळून निघाला. त्या उजेडातच ती विरघळून गेली.

बाईंना सगळं कळलं, तुळजाच्या पायांतले गोळेसुद्धा. चिडवणाऱ्या पोरींना त्यांनी अशी समज दिली की 'काडी' शब्द शाळेतून हद्दपार झाला. दोघींनाही डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोघींनाही लाडू मिळू लागला. सोनकी आठ दिवस तोंड फिरवून बसली, नवव्या दिवशी आपण होऊन तुळजाच्या ताटाशेजारी ताट घेऊन आली. महिन्याभरात दोघींच्या गालांवर गुलाबी लाली चढली.

आणि तुळजा परीला म्हणाली होती ते एवढंच: "मग मला धीट जीभ दे, परीबाई, सोनकीनं जन्माची कट्टी घेतली तरी चालेल, पण मला बाईंना खरं सांगायचंय."