राजभेटीचे थान आणि काजळीची पिल्ले

ही कथा गेल्या वर्षावासात, भाद्रपद पौर्णिमेच्या सकाळी, विहाराची झाडलोट आटोपून बसलेल्या वृद्ध भंते धम्मसारांच्या तोंडून ऐकलेली आहे.

कोणे एके काळी चंपानगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाच्या, कुळात जन्म घेतला होता. एकदा तो तांडा घेऊन त्या नगरीकडे निघाला. राजासाठी रेशमाचे एक थान, म्हणजे अखंड तागा, बरोबर होते. राजभेटीच्या वस्त्राला सुरी लागलेली नसावी, असा तेथील दंडक होता. आणि भेट स्वीकारली गेल्याखेरीज व्यापाराची परवानगी मिळत नसे.

वाटेत तांड्याची राखणदार कुत्री काजळी व्याली आणि लगेच सर्पदंशाने गेली. मागे तीन पिल्ले राहिली, डोळेही न उघडलेली. सार्थवाहाने ती स्वयंपाकीण नंदा हिच्या ओटीत घातली. तिने त्यांना ऊब दिली, पालथे धरून शेळीच्या दुधाचे बोट चोखवले. तरी ती विव्हळतच राहिली. भूक भागली नसेल, या समजुतीने तिने आणखी पाजले. माध्यान्हीपर्यंत त्यांची पोटे नगाऱ्यासारखी ताठ झाली. मग धाकट्याचे विव्हळणेही थांबले, आणि ते उचलून नंदा सार्थवाहाकडे धावली.

“धनी, माझं काय चुकलं? चार पोरं वाढवलीत मी या हातांनी!”

बोधिसत्त्वाने पिल्लाचे पोट चाचपले. “मागच्या वेताला काजळी पाजून झालं की काय करायची, आठव.”

“चाटायची. सारखी चाटत बसायची.”

“पोटाखाली चाटायची. त्याशिवाय यांना लघवी होत नाही. ही भूक नव्हे, नंदे, तुंबलंय.”

नंदाने पदर भिजवून पुसले. पण त्या जाड्याभरड्या सुताने कातडी लाल झाली आणि पिल्लू कळवळले. तेव्हा बोधिसत्त्वाने रेशमाचे थान उलगडले. गाडीवान कालिंद धावत आला.

“अहो धनी, कुत्र्याच्या मुतासाठी राजाचं रेशीम? वेशीतसुद्धा घेणार नाहीत आपल्याला!”

“राजाला वस्त्रं पुष्कळ आहेत, कालिंदा. यांना आईची जीभ नाही.”

त्याने सुरी चालवली. कोमट पाण्यात भिजवलेल्या तुकड्याने तो धाकट्याला हलके हलके पुसू लागला. काहीच होईना. त्याने पुन्हा पुसले, पुन्हा पुसले. अखेर एक बारीकशी धार सार्थवाहाच्या मनगटावरून थेट उलगडलेल्या थानावर गेली, आणि पिल्लाने तोंड उघडून किंकाळी फोडली.

“घ्या,” कालिंद म्हणाला, “पावली राजभेट!”

नंदाला हसू फुटले. मग तिने दुसरे पिल्लू पुढे केले.

ही हकिगत सांगून शास्ते, म्हणजे पुढे बुद्धत्व पावलेले तेच बोधिसत्त्व, म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाची नंदा ही आज आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी भिक्षुणी खेमंकरा होय, कालिंद तो भिक्षू उग्रसेन, आणि सार्थवाह मीच होतो. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याचे दुखणे ओळखून हात पुढे करणे, हीच करुणा.”

कापलेले थान राजाने स्वीकारले, की तांडा वेशीवरूनच परतला, हे मात्र भंतेंनाही ठाऊक नव्हते. अन्यत्र विचारूनही त्याची खात्री करता आलेली नाही.